पल्सरला मागं १४० चा टायर बसवू का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"दादा, माझ्याकडं पल्सर १५० आहे, २०१६ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली. मागं १००/९०-१७ टायर आहे, गाडीच्या मागं उभं राहून बघितलं की फारच बारीक दिसतो. साताऱ्यातला एक टायरवाला १४०/७०-१७ बसवून देतो म्हणालाय, चार हजार सांगतोय, आणि थोडं घासलंच तर मडगार्ड कापू म्हणतो. मी रोज कोरेगावहून साताऱ्याला एमआयडीसीत येतो, रविवारी मित्रांबरोबर कास-बामणोली. मागच्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीचा चिखल रस्त्यावर पडला होता तिथं मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक सटकलं. पडलो नाही पण वडील मागं बसलेले, ते लय घाबरले. टायर गाडी घेतल्यापासून तेच आहेत पण नक्षी अजून चांगली आहे, हवा ४० ठेवतो. रुंद टायर टाकला की ग्रिप वाढेल ना? मित्राच्या यामाहा एफझीला तर कंपनीच १४० देते आणि ती पण १५० सीसीच आहे." — कोरेगावचा एक वाचक

भावा, पहिलं उत्तर देऊन टाकतो मग बाकीचं बोलू. १४० नको. तुझ्या आत्ताच्या रिमवर तर नकोच, आणि मडगार्ड कापून तर अजिबात नको.

आता तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू दोन्हीवर एकच औषध शोधतोयस असं मला वाटतंय. एक म्हणजे गाडी मागून बारीक दिसते, आणि दुसरी म्हणजे वडील मागं बसलेले असताना चाक सटकलं. दिसण्याचं आपण नंतर बघू, त्यात वाईट काही नाही, पोरगा स्वतःच्या कमाईची गाडी चालवतोय तर ती भारी दिसावी वाटणारच. पण सटकण्याचं आधी.

तू लिहिलंयस की टायर गाडी घेतल्यापासून तेच आहेत आणि नक्षी चांगली आहे. म्हणजे टायर किती जुना आहे ते तुला माहीतच नाही, कारण आधीच्या मालकानं तो कधी टाकला कुणास ठाऊक. आज घरी गेलास की टायरच्या बाजूला बघ, डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. रबर वयानं कडक होतं, उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर अजून लवकर, आणि कडक झालेला टायर झिजत पण नाही. म्हणूनच नक्षी टिकून राहते आणि आपल्याला वाटतं टायर अजून नवा आहे! नखानं दाबून बघ, दबतोय का, आणि बाजूला आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडल्यात का ते बघ. चिरा दिसल्या किंवा आकडा पाच-सहा वर्षांपेक्षा जुना निघाला तर बाकी कुठलाही विचार न करता तो टायर काढ. नक्षी किती का शिल्लक असेना.

दुसरं, हवा ४०. हे कुणी सांगितलं तुला? पंक्चरवाल्याकडं गेलं की तो मशीन लावतो आणि चाळीस मारून देतो, कारण हवा जास्त असली की गाडी हलकी पळते, ॲव्हरेज थोडं जास्त मिळतं आणि गिऱ्हाईक खूश. पल्सर १५० ला मागं एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ च्या आसपास हवा लागते, पुढं २५. गाडीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तिथं बघून खात्री कर आणि तेच धर. ४० हवेत टायर टणक होतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, खड्ड्यात चाक उडतं आणि ओल्या रस्त्यावर ते सटकायला बहाणाच शोधत असतं. हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, वीस किलोमीटर पळवून आल्यावर बघितली तर काटा जास्तच दाखवतो.

म्हणजे बहुतेक कडक झालेलं रबर, त्यात ४० हवा, खाली चिखल, आणि वर तू पायाचा ब्रेक जोरात दाबलास. तुझ्या २०१६ च्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम, नाही (१२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं), त्यामुळं मागचं चाक जाम झालं की घसरायला लागणार, मग टायर १०० चा असो नाहीतर १४० चा. ऊस तोडणी चालू असते तेव्हा कोरेगाव रोडला काय किंवा रहिमतपूरकडं काय, ट्रॉल्या शेतातून डायरेक्ट रस्त्यावर येतात आणि चाकाचा सगळा चिखल डांबरावर सोडतात, त्यात उसाचं पाचट, आणि सकाळचं दव पडलं की तो पट्टा साबणासारखा होतो. तिथं ब्रेक चिखलात शिरायच्या आधी मारायचा, शिरल्यावर गाडी सरळ ठेवायची आणि ॲक्सिलेटर हलका, बास. रुंद टायर असल्या पातळ चिखलावर उलट वर वर राहतो, तो थर कापून खालच्या डांबराला टेकायला बारीक टायरच बरा पडतो.

आणि रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे सरळ गणित नाहीये. टायर रस्त्याला किती टेकतो ते मुख्यतः त्याच्यावर वजन किती आहे आणि आत हवा किती आहे यावर ठरतं. तेवढंच वजन, तेवढीच हवा, आणि टायर रुंद केला तर टेकणारा भाग रुंद होतो पण तेवढाच आखूड पण होतो. ग्रिप वाढते ती चांगल्या आणि ताज्या रबरानं, योग्य हवेनं, आणि शॉकॲब धड असतील तर. मोठ्या स्पोर्ट्स बाईकना रुंद टायर देतात त्याला कारण त्यांची ताकद आणि त्यांचा वळणातला स्पीड, तो टायर तापतो म्हणून. तुझी गाडी चौदा पीएसच्या आसपासची, तिला १०० चा टायर कमी पडत नाही.

आता मेन मुद्दा रिमचा, आणि टायरवाला नेमकं हेच बोलत नाही. टायरवर १४०/७०-१७ लिहिलंय त्यातला १४० म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के उंची, आणि १७ म्हणजे रिम किती इंची ते. रिमचा व्यास १७ जुळला की टायर चढतो, म्हणून दुकानदार म्हणतो बसतंय की! पण रिमला रुंदी पण असते. मॅकव्हीलच्या, म्हणजे ॲलॉय व्हीलच्या, आऱ्यावर किंवा रिमच्या कडेला ओतीव आकडे असतात, १७ च्या शेजारी गुणिलेचं चिन्ह आणि पुढं दोन पॉइंट काहीतरी, ती रुंदी इंचात. १००/९० चा टायर साधारण २.१५ ते २.७५ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. १४०/७० ला निदान साडेतीन इंच पाहिजे, त्याचं माप धरतात ते चार इंची रिमवर. म्हणजे तू जवळपास इंच-दीड इंच अरुंद रिमवर तो चढवणार.

मग होतं काय, टायरच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, आखूड खोळीत मोठी उशी कोंबल्यासारखं होतं, आणि मधला भाग फुगून वर येतो. १४० छापलेला टायर तुझ्या रिमवर मोजलास तर अंदाजे १२५ च्या आसपासच भरेल, कारण रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण पाच मिलीमीटर कमी होते. म्हणजे पैसे १४० चे आणि रुंदी १२५ ची. वर सरळ रस्त्यावर फक्त मधला उंचवटा टेकणार, तो लवकर झिजणार आणि कडेचं रबर कोरं राहणार. यवतेश्वरच्या घाटात वळणाला गाडी झुकवलीस की आधी झुकायला तयार नाही आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते, हे ज्यांनी बसवलंय त्यांना विचार, खरं सांगणारा भेटला तर सांगेल. आणि ट्यूबलेस असेल तर टायरची कड, बीड म्हणतात ती, रिमवर तिच्या ठरलेल्या कोनात बसत नाही. खड्ड्यात हवा सुटायची, किंवा रोज थोडी थोडी कमी होत राहायची. कासला जाताना घाटात मागचा टायर एकदम बसला तर काय होईल ते मी लिहीत नाही, तुला कळतंय.

एफझीचं तू बरोबर लिहिलंयस, आणि हा प्रश्न मला नेहमी येतो म्हणून नीट सांगतो. यामाहानं २००८ ला एफझी आणली तेव्हाच मागं १४०/६०-१७ दिला होता आणि माझ्या मते आपल्याकडं दीडशे सीसीला रुंद टायरचं वेड तिथूनच वाढलं. पण ती गाडी आखतानाच त्या टायरसाठी आखलीय. तिची रिम रुंद, चिमटा म्हणजे मागचा स्विंगआर्म त्या मापाचा, चैनची लाईन त्या मापाची, पुढचा टायर पण १००/८०-१७, म्हणजे तुझ्या पुढच्यापेक्षा चांगलाच जाड. आणि तिचा १४०/६० आहे, ७० नाही. गणित करून बघ: १४० च्या ६० टक्के ८४, ७० टक्के ९८. तिचं चाक बाहेरून साधारण ६०० मिलीमीटर भरतं. तुझं आत्ताचं १००/९० चं ६१२. आणि टायरवाला देतोय त्या १४०/७० चं जवळपास ६२८. म्हणजे तुझ्यापेक्षा १६ मिलीमीटर मोठं, मागची बाजू ८ मिलीमीटर उचलली जाणार, साइड स्टँडला गाडी जास्त कलणार, आणि चाक मोठं झालं की पिकअप थोडा पडणार. त्यात वजनदार टायर फिरवायचाय त्याच इंजिननं. ॲव्हरेज पडलं की मग तोच टायरवाला म्हणेल हवा ४० ठेव.

घासण्याचं पण बघ. गॅरेजात गाडी डबल स्टँडवर असते, चाक हवेत, हातानं फिरवून दाखवतात आणि म्हणतात बघ कुठं लागत नाही. तिथं लागणार नाहीच. वडील मागं बसले, खड्डा आला, शॉकॲब दबले की चाक वर जातं, तेव्हा मडगार्डला आतून लागतं. चैनच्या बाजूला टायर आणि चैन यात जागा किती राहते, दुसऱ्या बाजूला ब्रेकची पट्टी, हे बघायला हवं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, जुनी चैन ताणली की चाक मागं सरकवलेलं असतं त्यामुळं चिमट्याच्या पुढच्या बाजूला जागा भरपूर दिसते, मग सहा महिन्यांनी नवीन चैन किट टाकलं की चाक पुढं येतं आणि टायर तिथं घासायला लागतो. वेगात टायर थोडा फुगतो पण. सगळीकडं निदान बोटाच्या जाडीएवढी तरी जागा मोकळी पाहिजे, तीही दोघं बसलेले असताना, नवी चैन धरून. कुणी वॉशर टाकून स्प्रॉकेट, म्हणजे चैनचं दातेरी चक्र, बाहेर घेऊ म्हणाला, चिमटा थोडा पसरवू म्हणाला, तर चहा पण न पिता तिथून नीघ. चैनची लाईन वाकडी झाली की ती दात खाते, आणि तुटलीच तर मागच्या चाकात अडकते.

आणि तो मडगार्ड कापणारा कापून मोकळा होईल, कागदावर गाडी तुझ्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलू नये असं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. पोवई नाक्यावर टायर मोजत कुणी बसत नाही हे मला पण माहितीये. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो आणि कापलेला मडगार्ड त्याला पहिल्यांदा दिसतो.

आता दिसण्याचं. तुला मागून थोडी भरलेली गाडी पाहिजे ना, मग रिमवरचा आकडा वाच आधी. २.५० किंवा त्याच्या वर असेल तर ११०/८०-१७ आरामात बसतो, बाहेरचं माप ६०८ म्हणजे जवळपास आहे तेवढंच, मीटर, पिकअप, उंची कशालाच धक्का नाही आणि रुंदी दिसण्याइतकी वाढते. माझं मत विचारशील तर हाच टाक. १२०/८०-१७ ही त्याच्या पुढची पायरी, पल्सर १५० चंच ट्विन डिस्क मॉडेल २०१८ ला आलं त्याला कंपनीनं तोच दिलाय, म्हणून लोक म्हणतात सगळ्याच पल्सरला चालतो. पण त्या मॉडेलचं मागचं सगळंच वेगळं आहे, मागं डिस्क, पुढचा टायर पण जाड. तुझ्या ड्रमवाल्या गाडीला १२० टाकायचा तर रिम अडीच इंचापेक्षा कमी नको, आणि वर सांगितली ती जागा सगळीकडून मोजून बघायची. अडीच इंच त्याला अगदी खालची हद्द आहे हे लक्षात ठेव. बाहेरून ६२४ भरतो, १२ मिलीमीटर जास्त, चालवताना फार जाणवणार नाही. त्याच्या पुढं जाऊ नकोस. भंगारातून मोठ्या गाडीचं मॅकव्हील आणून बसवायची आयडिया कुणी दिली तर ते पण नको. हबचं बुश, एक्सल, ब्रेक, चैनची लाईन, एकही गोष्ट जुळत नाही आणि जुळवणारा लेथवाला तुझ्या जिवाची गॅरंटी देत नाही.

टायर घेताना मापाच्या मागचा आकडा पण बघ, तुझ्या आत्ताच्या टायरवर ५५पी असं असेल, ५५ म्हणजे त्या टायरला २१८ किलोपर्यंत वजन झेपतं आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरचा वेग. नवीन टायरचा आकडा यापेक्षा खाली नको. आयएसआय मार्क पाहिजे. आणि ते डीओटीवाले चार आकडे दुकानातच वाच, शोकेसमध्ये दोन-तीन वर्षं पडलेला टायर स्वस्तात देतो म्हणतात, घेऊ नको. चढवताना बाण फिरायच्या दिशेनं आलाय का बघ, घाईत उलटा चढवणारे पण आहेत. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवीन टाकून घे, तीस-चाळीस रुपयाला मागं बघू नको.

आणि चार हजार तू काढलेच आहेस ना, तर माझं ऐक, १४० चा नाद सोडून त्यात मागं ११०/८० आणि जे उरतील त्यात थोडे घालून पुढचा टायर पण बदल, आहे त्याच मापाचा. तो पण तेवढाच जुना असणार. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढं येतं, थांबायचं सगळ्यात जास्त काम पुढचा टायर करतो, आणि पुढचं चाक सटकलं तर मागच्यासारखं सावरायला वेळ मिळत नाही. मागं चकाचक रुंद आणि पुढं दगड झालेला जुना टायर घेऊन पसरणीचा नाहीतर यवतेश्वरचा घाट उतरणारी पोरं बघितली की मला खरंच काळजी वाटते. दोन्ही नवीन झाले की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर दमानं चालव, नवीन रबरावर गुळगुळीतपणा असतो तो जाईपर्यंत घाटात झुकवू नको, जोरात ब्रेक नको. कासचा प्लॅन त्या रविवारी नको, पुढच्या रविवारी कर.

आता तू एवढं कर, रिमवरचा रुंदीचा आकडा आणि दोन्ही टायरवरचे ते चार आकडे, एवढे मला लिहून पाठव, १२० बसेल का नाही ते मी तुला त्यावरून सांगतो. पत्राची वाट बघायची नसेल आणि रिम २.५० किंवा त्याच्या वर असेल तर सरळ ११०/८० घेऊन टाक. आणि हवा मात्र आजच उतरव, वडील बसणार असतील त्या दिवशी ३२, एकटा असशील तर २८.